आम्ही दहापर्यंत मोजलं

"बॉक्सर रिंगणातून बाहेर पडतो. त्याचा मेंदू मात्र कायमचा तिथेच राहतो."

चंद्रपुरातल्या एका खासगी दवाखान्यात, भिंतीवरच्या अकरा सन्मानपत्रांखाली बसून डॉक्टरांनी हे वाक्य उच्चारलं आणि ते खोलीत नीट पसरावं म्हणून थोडा वेळ थांबले. मग कागदावर आजाराचं नाव लिहिलं. डिमेन्शिया प्युजिलिस्टिका, म्हणजे वर्षानुवर्षं डोक्यावर ठोसे खाऊन बॉक्सरच्या बुद्धीची होणारी झीज. यावर उपाय नाही, म्हणाले. जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या.

समोर बसलेला रशीदभाऊ आयुष्यात एकूण सहा लढती लढला होता. सगळ्या खाणकामगारांच्या क्रीडास्पर्धेत, पस्तीस वर्षांपूर्वी. त्यातली एक तर प्रतिस्पर्ध्याची बस चुकली म्हणून जिंकली होती.

हे मला माहीत होतं, तरी मी मान डोलावली. कारण आजाराचं ते नाव डॉक्टरांना मीच सुचवलं होतं. तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर पुढचं वाचा, आणि त्यात माझ्यासारखा कोणी शहाणा दिसला तर त्याला आधी खोलीबाहेर काढा.

रशीदभाऊचं चंद्रपूरच्या जुन्या भागात टीव्ही दुरुस्तीचं आणि व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. नव्वदीची अखेर होती, केबल आली होती, कॅसेटचा धंदा बसत चालला होता. दर रविवारी दुपारी आम्ही तिघं तिथे जुन्या बॉक्सिंगच्या लढती पाहायचो. रशीदभाऊ, मी म्हणजे हायस्कुलातला इंग्रजीचा मास्तर, आणि मूल गावाहून बसने येणारा देवाजी, धानाच्या गिरणीतला मिस्त्री. सिनेमा मागायला गिऱ्हाईक येऊ नये म्हणून शटर अर्धं खाली ओढलेलं असायचं. आत येताना-जाताना वाकायचं, हा आमचा नियम.

कॅसेटी रशीदभाऊच्या मेहुण्याने आखातातून आणलेल्या, नकलेच्या नकलेच्या नकला. समालोचन अरबीत. त्यामुळे जगातले थोर मुष्टियोद्धे आमच्यासाठी चड्डीच्या रंगावरून ओळखले जात. एक लढत आम्ही निदान पन्नास वेळा पाहिली असेल. त्यात चौदाव्या फेरीनंतर एका खेळाडूचा गुरू त्याला स्टुलावरून उठूच देत नाही. वाद दर वेळी तोच.

"एकच राऊंड बाकी होता न भाऊ," देवाजी म्हणायचा. "तीन मिनिटं. काऊन नाई जाऊ देलं त्याले?"

"त्याचे डोळे सुजून बंद झाले होते, मालूम? समोरून मुक्का येऊन राह्यला ते दिसतच नाई त्याले. तू जा न मग. जाऊन दाखव," रशीदभाऊ म्हणायचा.

"मी काऊन जाऊ? माहा कोच गिरणीत आहे."

दसऱ्यानंतर रशीदभाऊ या वादात चुकू लागला. चड्ड्यांचे रंग उलटे सांगायचा. दुपारभर पेंगायचा, डोकं दुखतं म्हणायचा. एकदा त्याच्या डाव्या पायातली चप्पल दारातच निसटली आणि तो तसाच अनवाणी चहावाल्यापर्यंत जाऊन आला. त्याला कळलंच नाही.

देवाजीने टेप थांबवून पडद्याकडे बोट दाखवलं. "मास्तर, पाय पाहा. बाराव्या राऊंडमधला लालवाला असाच फरफटून राह्यला."

मी पाहिलं, आणि एका इंग्रजी मासिकात वाचलेलं ते लॅटिन नाव मला आठवलं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. इतकी वर्षं वाचलेलं निरुपयोगी ज्ञान एकदाचं कुणाच्या तरी कामी येत होतं. मी दोघांना समजावून सांगितलं. रशीदभाऊच्या बायकोला, शमीमभाभीलाही सांगितलं.

"पण मास्तर, याच्या डोक्याले तं..." ती म्हणू लागली.

"जुनाच मार आहे तो, भाभी. अशा गोष्टी वीस-तीस वर्षांनी बाहेर येतात."

दवाखान्यात तिने पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा डॉक्टरांनी तळहात वर केला. "बाई, पेशंटची हिस्ट्री मास्तरांनी दिलेली आहे." हिस्ट्री म्हणजे आजाराची मागची हकिकत. तपासणी म्हणून गुडघ्यावर रबराची हातोडी दोनदा मारली. स्कॅनचा विषय मी काढला, तर हसून म्हणाले, "जे उघड दिसतंय त्याचा फोटो कशाला?"

मग त्यांनी रशीदभाऊला व्यासपीठावर नेलं.

मेंदूच्या आरोग्यावर त्यांचं जाहीर व्याख्यान होतं. फलकावर व्याख्यात्याचं नाव विषयापेक्षा मोठं. स्वागतगीत, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय. तास-दीड तासाने रशीदभाऊला 'माजी मुष्टियोद्धा' म्हणून उभं केलं आणि शाल-श्रीफळ दिलं. नारळ त्याच्या डाव्या हातात होता. तो हातातून सुटला, घरंगळत व्यासपीठाच्या कडेला गेला आणि पहिल्या रांगेत पडला. रशीदभाऊ रिकाम्या हाताकडे पाहत राहिला.

"पाहा," डॉक्टर माइकवर म्हणाले. "हेच मी सांगत होतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सभागृहात गावातले चार डॉक्टर बसले होते. एक हात अचानक दुबळा होतो, तेव्हा मेंदूच्या एका बाजूला काहीतरी ताजं घडत असतं, हे वैद्यकीच्या कुठल्याही विद्यार्थ्याला कळतं असं मला नंतर सांगण्यात आलं. त्या दिवशी ते कुणालाच कळलं नाही. सगळे भाषण ऐकत होते. मीही.

पुढच्या बुधवारी सकाळी रशीदभाऊने उलटी केली आणि तो डोळे उघडेना. हाक मारली की नुसता हुंकार द्यायचा. अंथरूण ओलं झालं होतं. मी डॉक्टरांना फोन केला.

"हे होणारच होतं," ते म्हणाले. "आता फक्त सेवा करायची."

मी हा निरोप सांगितला. शमीमभाभीने दुपट्टा डोक्यावर नीट घेतला आणि शेजारच्या जीपवाल्याला हाक मारली. माझ्याकडे वळून म्हणाली, "सेवा मी पस्तीस वर्सं करून राह्यली. मले मशीन कुठी आहे तेवढं सांगा."

नागपूर. साडेतीन तास. रशीदभाऊचं डोकं तिच्या मांडीवर, पाय माझ्या. वाटेत ती दर दहा मिनिटांनी त्याच्या कानाशी त्याचं नाव घ्यायची. हुंकार आला की आम्ही दोघं श्वास सोडायचो. वरोऱ्यानंतर हुंकार यायचा बंद झाला.

सीटी स्कॅन झाला. म्हणजे डोक्याचे आडवे काप काढल्यासारखे क्ष-किरण फोटो. सर्जन बाई होत्या, पन्नाशीच्या, चपलेत, भिंतीवर एक कॅलेंडर. फोटो उजेडावर धरून त्यांनी विचारलं, "डोक्याला मार कधी लागला?"

"मॅडम, ते पूर्वी बॉक्सिंग..." मी सुरू केलं.

"कधी, ते विचारलं मी."

"दोन महिने झाले," शमीमभाभी म्हणाली. "दुकानाचं शटर लागलं. हे तिघं मॅच पाहून राह्यले होते."

तिचं वाक्य दोन महिन्यांत पहिल्यांदा पूर्ण झालं, आणि मला ती दुपार दिसली. रशीदभाऊ चहा सांगायला उठला होता. नजर पडद्यावर, पाठ दाराकडे, तसाच मागे मागे सरकत गेला. वाकायचं विसरला. शटरची कड डोक्याच्या मागे बसली आणि तो खाली बसला. पडलेल्या बॉक्सरसमोर पंच दहापर्यंत मोजतो, तसं देवाजी आणि मी बोट वर करून मोजायला लागलो. एक, दोन, तीन. आठला रशीदभाऊ उठला आणि दोन्ही हात वर केले. आम्ही तरी दहापर्यंत मोजलं आणि हसत बसलो.

सर्जनबाईंनी फोटोवरची चंद्रकोरीसारखी सावली दाखवली. क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये हळूहळू साचलेलं जुनं रक्त. हृदयासाठी रशीदभाऊ ॲस्पिरिन घ्यायचा. त्याने रक्त पातळ राहतं, म्हणून ते झिरपत राहिलं. "मेंदू चांगला आहे. नुसता दाबला गेलाय. कवटीला दोन भोकं पाडून रक्त काढून टाकू. महिनाभर आधी आणलं असतं तर चालत आले असते. आता शुद्धीवर किती येतील, ते उद्या कळेल." मग फाईलमधलं लॅटिन नाव वाचून म्हणाल्या, "हे कुणी लिहिलं?"



दुसऱ्या दिवशी सकाळी रशीदभाऊने डोळे उघडले, बायकोला ओळखलं, आणि हॉस्पिटलच्या टीव्हीचा रंग बिघडलाय म्हणून तक्रार केली. सहाव्या दिवशी जिना चढला. चंद्रपूरला परतल्यावर मी स्कॅन घेऊन त्या पहिल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तो खिडकीशी धरला, 'इंटरेस्टिंग' म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला. माझा राग अजून उतरलेला नाही. त्यातला अर्धा त्यांच्यासाठी आहे. उरलेल्या अर्ध्याचा मालक मी.

शमीमभाभीची मी माफी मागितली. ती भाजी निवडत होती.

"माफी राहू द्या, मास्तर. पुढच्या टायमाले बाई बोलून राह्यली तं पुरं बोलू द्या."

वाचणाऱ्यांना माझ्याकडे एवढाच सल्ला आहे. पडल्याची, आपटल्याची गोष्ट कितीही हसण्यासारखी असो, ती डॉक्टरला सांगा. ऐकत नसेल तर डॉक्टर बदला. आणि रोज जो रुग्णासोबत राहतो त्याला आधी बोलू द्या. त्या सर्जनबाईंचे आणि शमीमभाभीचे उपकार मी मानतो. दोघींनाही ते ऐकायला वेळ नव्हता.

लोक अजून विचारतात, मेंदूचं ऑपरेशन म्हणजे केवढं मोठं असेल. पाऊण तास लागला. त्याआधी दोन तास आम्ही डोकं भादरणाऱ्या न्हाव्याची वाट पाहिली, कारण तो जेवायला गेला होता.