मौनीबाबांचं कौतुक

गाद्यांच्या त्या कारखान्यात मॅनेजरला सगळे मौनीबाबा म्हणत. तोंडावर अर्थातच साहेब. माणूस वाईट नव्हता, नुसता शब्दाला महाग होता. कुणी विचारलं, "साहेब, उद्या लवकर जाऊ का?" तर ते जमिनीकडे बघून "हूं" म्हणत. त्यातून हो काढायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. शिलाई विभागाच्या प्रमुख बाईंना सगळे ताई म्हणत. त्या ताईंनी बरीच वर्षं अभ्यास करून असा निष्कर्ष काढला होता की हूं म्हणताना मान खाली गेली तर हो, आणि चष्मा वर सरकवला तर नाही. नव्या माणसाला त्या मशीनच्या आधी हे शिकवत.

घरीही तीच गत. बायको बोलकी म्हणून संसार झाला. ती येईल त्याला सांगायची, "लग्नाआधी भेटलो तेव्हा तासभर मीच बोलत होते. हे एकदा हसले. तेवढ्यावर मी लग्न केलं, आता बोला."

लोकांना वाटे, साहेब शिष्ट आहेत. खरं तर समोरच्याचा चेहरा दिसला की साहेबांना काही सुचत नसे. चेहऱ्यावर पुढचा प्रश्न आधीच दिसायचा आणि त्याचं उत्तर तयार नसायचं. मग शब्द घशातच राहायचे. फक्त कुणी निवृत्त झालं की साहेब बोलत. त्यासाठी त्यांनी तीन वाक्यं पाठ केली होती. "तुम्ही या कारखान्यासाठी खूप केलंत. तुमच्यासारखी माणसं मिळत नाहीत. कारखाना तुम्हाला कधीच विसरणार नाही." मग टाळ्या, मग भिंतीवरचं घड्याळ भेट, आणि तो माणूस पुन्हा कारखान्यात दिसत नसे. तेव्हा साहेबांनी कौतुक केलं म्हणजे काय समजायचं, ते सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. एकट्या साहेबांना सोडून.

आणि नेमका मुख्य कचेरीतून फोन आला. कामगारांशी मोकळेपणानं बोला, रोज निदान एकाचं कौतुक करा, त्यांचा विश्वास मिळवा. आणि हो, पुढच्या महिन्यात स्प्रिंगा बांधायचं मशीन येतंय, तिघांचं काम एकटं करेल, पण कामगारांना त्याचा पत्ता लागू देऊ नका. या दोन्ही गोष्टी एका दमात सांगणारा माणूस वर कसा पोचला हे विचारू नये. असलीच माणसं वर पोचतात.

साहेब रात्रभर कूस बदलत राहिले आणि सकाळी धीर करून स्प्रिंग विभागात गेले. तिथला फोरमन आडदांड, मोठ्या आवाजाचा, पन्नाशी उलटलेला. त्याच्या हाताखालून गेलेली गादी कधी कुरकुरत नसे. साहेब त्याच्या बुटांकडे बघत उभे राहिले.

"तुम्ही या कारखान्यासाठी खूप केलंत."

फोरमनच्या हातातली पक्कड थांबली.

"तुमच्यासारखी माणसं मिळत नाहीत."

फोरमननं पक्कड खाली ठेवली. तिसरं वाक्य इथे बसत नाही हे साहेबांना जाणवलं, पण पाठ केलेलं भाषण घसरगुंडीसारखं असतं, मध्येच थांबता येत नाही. "कारखाना तुम्हाला कधीच विसरणार नाही," असं म्हणून साहेब निघून गेले. चला, जमलं, असं त्यांना वाटलं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोरमननं डबा उघडलाच नाही. ताईंनी खोदून खोदून विचारलं.

"नक्की काय म्हणाले?"

"खूप केलंत म्हणाले."

"ते काय, कुणीही म्हणतं. पुढे?"

"विसरणार नाही म्हणाले."

"विसरणारसुद्धा नाही?" ताईंनी डब्याचं झाकण लावलं. "मग संपलंच, भाऊ."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ताईंचंच कौतुक केलं. ताई शिलाई मशीनवर डोकं ठेवून रडल्या. साहेबांना वाटलं, बाईंना भरून आलं. तिसऱ्या दिवशी टेम्पोच्या ड्रायव्हरची पाळी होती, पण साहेब येताना दिसताच तो टेम्पोखाली शिरला आणि काही केल्या बाहेर येईना. एव्हाना कारखान्याचं धाबं दणाणलं होतं. साहेबांची चाहूल लागली की माणसं गाद्यांच्या थप्पीमागे पसार होत. कारखाना बंद पडणार, जागा विकली, मालक पळाला, जितकी तोंडं तितक्या बातम्या. हल्ली सगळे किती कामात असतात, म्हणून साहेब खूश होते.

गुरुवारी फोरमन केबिनमध्ये येऊन उभा राहिला.

"साहेब, हाकलल्यावर जाण्यापेक्षा मी आपल्या पायानं जातो. शनिवार शेवटचा. मेहुण्याचं सायकलचं दुकान आहे, पंक्चर काढीन तिथे."

अहो, कुणी हाकललं तुम्हाला, असं म्हणायला साहेब उठले, पण समोर फोरमनचा तो ओढलेला चेहरा होता. शब्द फुटेना. शेवटी "हूं" एवढंच बाहेर पडलं, आणि दुर्दैव असं की मान खाली गेली. फोरमननं नमस्कार केला आणि तो निघून गेला.

त्या संध्याकाळी साहेब जेवले नाहीत. बायकोनं पिच्छा पुरवला तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "रोज सकाळी तो फाटकापर्यंत ऐकू येईल असं 'या साहेब' म्हणतो. त्याच्या जोरावर मी आत पाऊल टाकतो. तो गेला तर माझं तिथे कोण आहे?"

बायको एवढी चकित झाली की क्षणभर तीच मुकी झाली. मग म्हणाली, "हे त्याला सांगितलंत?"

"त्याच्या तोंडाकडे बघून कसं सांगू?"

"मग मी येऊ का सांगायला? नवरा माझे असलात तरी मॅनेजर त्यांचे आहात."

शनिवारी एका हॉटेलची मोठी ऑर्डर निघायची होती. जोडगादी बाहेर जाण्याआधी तिच्यावर दोन धडधाकट माणसांनी शेजारी शेजारी अर्धा तास पडायचं, एक जण हलला की दुसऱ्याला हिसका बसतो का ते बघायचं, असा तिथला नियम होता. एका बाजूला नेहमी फोरमन आणि दुसऱ्या बाजूला वॉचमन. वॉचमन पोट बिघडल्यानं आला नव्हता. फोरमन नोकरी सोडत होता, काम नव्हे. तो गादीवर आडवा झाला आणि म्हणाला, "दुसरा वजनदार माणूस कोण आहे?" सगळ्यांच्या नजरा साहेबांच्या पोटावर गेल्या.

साहेबांनी बूट काढले आणि ते फोरमनशेजारी आडवे झाले. दोघांनी आपापल्या पोटावर हात ठेवले. वर पत्र्याचं छप्पर होतं. त्याला चेहरा नव्हता आणि ते काही विचारत नव्हतं. बराच वेळ गेला आणि साहेब छपराला म्हणाले, "मी तुम्हाला काढलेलं नाही."

"मग कौतुक कशाला केलंत?"

"वरून सांगितलं होतं."

"म्हणजे मनात नव्हतं?"

"मनात होतं. पण मला भाषण एवढं एकच येतं."

"खरं सांगा, कारखाना बंद होतोय?"

"नाही. पण पुढच्या महिन्यात स्प्रिंगा बांधायचं मशीन येतंय. तिघांचं काम करेल. त्या तिघांना दुसरं काम द्या म्हणून मी वर भांडणार आहे. ऐकतील का, माहीत नाही. तुम्हाला हे कळू द्यायचं नाही असंही मला बजावलंय."

फोरमन कुशीवर वळला आणि साहेबांकडे बघू लागला. गादी उत्तम होती, साहेबांना पत्ताही लागला नाही.

"बातमी वाईट आहे," फोरमन म्हणाला. "पण खरी वाटते. इतकं वाईट कुणी लोणी लावायला सांगत नाही."

"ते मशीन तुम्ही शिकून घ्या. बाकीच्यांना शिकवा. तुम्ही 'या साहेब' म्हटल्याशिवाय मला आत यायचा धीर होत नाही."

"हे गुरुवारी का नाही बोललात?"

"तुम्ही समोर उभे होतात."

फोरमनला हसू आवरेना. ते हसू आणखी कुठून कुठून ऐकू आलं, तेव्हा साहेबांनी मान वळवली. गादीभोवती सगळा कारखाना गोळा झाला होता. टेम्पोचा ड्रायव्हर चक्क पुढे होता. इतके चेहरे एकदम बघून साहेब कोपरावर उठू लागले, तोच फोरमनचा जाडजूड हात त्यांच्या छातीवर पडला.

"पडून राहा, साहेब. उठलात की सगळं मुसळ केरात. ताई, माझं विचारून झालं, मी काही कुठे जात नाही. तुम्हाला काय विचारायचं ते विचारून घ्या."

ताई पुढे आल्या. "आमच्या शिलाईचंही मशीन येणार का, साहेब?"

साहेबांनी पुन्हा छपराकडे नजर लावली. "माहीत नाही, ताई. पण मला कळेल त्या दिवशी तुम्हाला सांगेन."

ताईंनी मागे वळून, चालू राहिलेली शिलाई मशीनं बंद करायला सांगितली. साहेबांचं बोलणं मागच्या बायकांना नीट ऐकू येत नव्हतं.