दुसऱ्या चिठ्ठीची वाट

दोधूबाबा माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमच्या गावातून साता समुद्रापार जाऊन आलेला पहिला माणूस. आणि राहून आले कुठे, तर स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या एका जुन्या नामांकित हॉटेलात, जिथे लढाईच्या आधी राजेरजवाडे हवा खायला उतरत. एक-दोन दिवस नव्हे, चांगला वर्षभर मुक्काम. दुसरा कोणी असता तर एवढ्या भांडवलावर जन्मभर पारावर बसून मिशीला पीळ देत राहिला असता. दोधूबाबांना कोणी विचारलंच, तर ते म्हणत, "तठला कावळा भलता माजेल व्हतात," आणि बैलांना चारा टाकायला उठत.

लहानपणी मला त्यांचा रागच यायचा. एवढं पाहून आलेला माणूस, आणि तोंडात मूग धरून बसलेला. खरी हकीकत मला कळली ती उदेसिंगकाकांकडून. ते धडगावकडच्या डोंगरातले, फौजेतले दोधूबाबांचे जोडीदार. खाली बाजाराला आले की आमच्याकडे मुक्काम करत, आणि त्यांना मात्र बोलायला आवडे.

आमचं गाव तापीच्या काठाला, प्रकाशा या तीर्थाच्या अलीकडे. नंदुरबारच्या जिनात कापूस टाकायला गेलेल्या दोधूबाबांनी तिथे मोटारलॉरी पाहिली आणि त्यांचं शेतातलं लक्ष उडालं. लढाई सुरू झाली तेव्हा फौजेला लॉरीवाले हवे होते. चोविसाव्या वर्षी, घरात आई कौसाबाई, धाकटा भाऊ आणि बायको गजराबाई यांना सोडून ते भरती झाले. गजराबाईंना माहेर असं नव्हतंच. आईबाप मानमोडी तापाच्या साथीत गेले, ज्या मामाने वाढवलं तोही लग्नानंतर वर्षभरात वारला. भरतीला निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "मन्हं दुसरं कोनी नही, ध्यानमा ठेवज्यात."

आफ्रिकेच्या वाळवंटात सगळी तुकडीच पकडली गेली. तिथून इटलीच्या उत्तरेला कैद्यांची छावणी. त्रेचाळीसच्या भाद्रपदात इटलीने हात टेकले, पहारेकरी बंदुका टाकून घरी पळाले, आणि जर्मन यायच्या आत दोधूबाबा आणि उदेसिंग डोंगराकडे चालू लागले. पुढे उदेसिंग, मागे दोधूबाबा. चौदा दिवस चालून, बर्फाची एक खिंड ओलांडून ते स्वित्झर्लंडात उतरले. स्विस लोक लढाईत नव्हते. त्यांनी गरम सूप दिलं, नावं लिहून घेतली, आणि पळून आलेल्या अशा शिपायांना रिकाम्या पडलेल्या हॉटेलांत ठेवलं.

हॉटेल कसलं, राजवाडाच. दोनशे खोल्या, लोखंडी जाळीचा पाळणा जो माणसांना वरच्या मजल्यावर नेई, पितळी नळांची न्हाणीघरं, नाचाच्या दालनात छताला काचेची झुंबरं. पण कोळसा मिळत नव्हता म्हणून तीसच खोल्या ऊबदार, गालिचे गुंडाळून भिंतीला लावलेले, आणि राजेरजवाड्यांच्या जेवणघरात आमचे लोक रोज उकडलेले बटाटे खात बसलेले. मालकीण साठीपुढची बाई होती. काळा झगा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तिच्या आजेसासऱ्याने ते हॉटेल बांधलं होतं. दोधूबाबांना काम मिळालं सज्ज्यावरचा बर्फ फावड्याने काढायचं. गादी एवढी मऊ होती की ते पहिले आठ दिवस खालीच झोपले.

जानेवारीत, दुपारच्या टपालात, त्यांना घरचं कार्ड आलं. इटलीच्या छावणीच्या पत्त्यावर टाकलेलं, शिक्क्यांनी काळं झालेलं, पाच महिने फिरत आलेलं. गावच्या मास्तरांचं अक्षर. "चि. दोधूस आशीर्वाद. तुझी बायको सौ. गजराबाई आषाढ वद्य नवमीस हिवतापाने वारली. धीर धरावा."

दुसऱ्या मुलखाचा माणूस असता तर तिथेच कोसळला असता. दोधूबाबा कोसळले नाहीत. कार्ड हातात धरून ते जिन्यात उभे राहिले, आणि त्यांच्या मनात पहिला विचार आला तो कावळ्याचा.

कारण आमच्याकडे एक रीत होती. कोणाच्या डोक्यावर कावळा बसला तर त्याचं मरण जवळ आलं असं समजत. त्यावर तोड एकच. त्याच्या सगळ्यात जवळच्या माणसाला तो मेल्याचा निरोप धाडायचा. ते बिचारं ऊर बडवून रडलं की मरणाचा वाटा चुकता होतो. मग लगेच दुसऱ्या दिवशी दुसरी चिठ्ठी जाते, की पहिली कावळ्याची होती, माणूस खुशाल आहे. यात दोन नेम कडक. पहिली चिठ्ठी खोटी वाटता कामा नये. आणि ज्याला ती मिळाली त्याने उलट विचारायचं नाही, विचारलं की उपाय वाया. रडायचं आणि दुसऱ्या चिठ्ठीची वाट बघायची. पंचक्रोशीत हे सोपं होतं, दोन चिठ्ठ्यांत एका दिवसाचं अंतर. इथे मधे अख्खी लढाई होती.

तर ही चिठ्ठी खरी की कावळ्याची? हिवतापाने माणसं मरत होतीच. पण गजराबाईंच्या डोक्यावर कावळा बसला असेल, तर कौसाबाईने निरोप धाडायचा कोणाला? माहेर नाही. पोटातून रडणारं माणूस एकच, आणि ते इथे बर्फात. हा हिशेब दोधूबाबांना जिन्यातच सुचला, आणि तिथेच त्यांची गोची झाली. कारण शंका आली की रडू येत नाही. चिठ्ठी कावळ्याची असेल आणि आपण रडलो नाही, तर तिचं मरण टळणार नाही. खरी असेल आणि आपण रडलो नाही, तर आपण कसले नवरे. न्हाणीघरात पितळी नळ सोडून ते तासभर बसले. पाणी वाहिलं, डोळे कोरडेच राहिले.

तुकडीतल्या हवालदाराला कळलं तेव्हा तो म्हणाला, केस उतरव, दहाव्याला भाताचा पिंड ठेव, मोकळा हो. दोधूबाबांनी मान हलवली. जिवंत बाईचा पिंड ठेवायचा? त्याला कावळा शिवला म्हणजे मग तिचं उरलं काय?

आणि नेमके त्याच सज्ज्यावर कावळे येत. आपल्यासारखे नव्हेत, पिवळ्या चोचीचे, लाल पायांचे. पूर्वीचे पाहुणे त्यांना हौसेने पाव घालत, आता ती मालकीण रोज सकाळी दहाला कठड्यावर पावाचे गोळे ठेवी. चिठ्ठी आल्यानंतर काही दिवसांनी दोधूबाबांनी ते पाहिलं. पांढरा गोळा, काळा पक्षी. पिंड त्यांनी ठेवला नव्हता, पण त्या अख्ख्या हॉटेलात मरण टांगणीला लागलेलं होतं ते एकट्या त्यांच्या घरचं. मग हा गोळा कोणाच्या नावे जाणार? ते फावडं घेऊन धावले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मालकिणीच्या हातातलाच पाव काढून घेतला.

"अरे, हाऊ कावळा नही, अठली दुसरीच जात शे," उदेसिंगकाकांनी समजावलं.

"चोच शे का नही?" दोधूबाबा म्हणाले. "काळा शे का नही?"

मालकीण भडकली. चाळीस वर्षं ती या पक्ष्यांना खाऊ घालत होती, पाहुणे गेले तरी हे तेवढे राहिले होते. तिने स्विस अधिकाऱ्याकडे तक्रार केली आणि हुकूम निघाला, या शिपायाला खालच्या खोऱ्यातल्या बराकीत हलवा. आता मात्र दोधूबाबांच्या पायाखालची जमीन सरकली. एक चिठ्ठी इथवर शोधत आली होती. आपण जागा बदलली तर दुसरी कुठे शोधणार?

उदेसिंगकाका पूर्वी साहेबांच्या जेवणघरात कामाला होते, त्यांना मोडकं इंग्रजी येई, आणि इंग्रज पाहुण्यांमुळे मालकिणीलाही. ते दोधूबाबांना घेऊन तिच्याकडे गेले. खाली टपाल वाटायच्या मेजापाशी ती उभी होती. काकांनी कावळ्यापासून पिंडापर्यंत सगळं सांगितलं. सांगताना त्यांनाच वाटत होतं की बाई आता हसणार. ती हसली नाही. तिने विचारलं, "म्हणजे ती जिवंत आहे की नाही, हे याला माहीत नाही?"

"नाही."

"आणि विचारायचंही नाही?"

"नाही."

तिने हातातला टपालाचा गठ्ठा मेजावर ठेवला. मग म्हणाली, "तिचं नाव काय?"

दोधूबाबांनी बायकोचं नाव लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. ते हळू आवाजात म्हणाले, "गजरा." मालकिणीने ते दोनदा, तिच्या वाकड्या उच्चारात, पण मोठ्याने म्हणून पाहिलं. चार वर्षांत ते नाव त्यांच्या कानावर पडलं नव्हतं. गुंडाळलेल्या गालिच्यावर बसून ते रडले, लहान पोरासारखे, हवालदार बघत असताना. ती गेली म्हणून रडले, असेल म्हणून रडले, की एका परक्या बाईने नाव विचारलं म्हणून, हे त्यांना पुढेही कधी सांगता आलं नाही.

बदलीचा हुकूम रद्द झाला. मालकीण पावाचे गोळे स्वयंपाकघराच्या मागे ठेवू लागली, जिथे शिपायांची एकही खिडकी उघडत नव्हती. आणि रोज टपाल आलं की ती आधी स्वतः गठ्ठा चाळी आणि लांबूनच दोधूबाबांकडे बघून मान हलवी, नाही.

फेब्रुवारी गेला, बर्फ वितळला, डोंगरावर गवत आलं. ती रोज मान हलवत राहिली. दोधूबाबांनी स्वतःच्या खुशालीची तीन कार्डं घरी टाकली, त्यात गजराबाईंचा शब्दही काढला नाही. दोन हरवली, तिसरं त्यांच्या मागून दीड महिन्याने गावात पोहोचलं. भाद्रपदात वाट मोकळी झाली आणि शिपायांना परत पाठवायचं ठरलं. आठ महिन्यांत दुसरी चिठ्ठी आली नव्हती. उदेसिंगकाका सांगत, निघताना त्यांनी मनाशी धरलं होतं, की दोधू आता घरी जाऊन केस उतरवणार.

बोटीने मुंबई, तिथून सुरत, आणि सुरतेहून नंदुरबार. स्टेशनाबाहेर गावचा भिला कापसाची गाडी रिकामी करून परत निघाला होता. दोधूबाबांना पाहून त्याच्या हातातला चाबूक पडला. त्यांनी गजराबाईंचं काही विचारलं नाही. विचारायचं नसतं. सबंध वाट भिला चोरून त्यांच्या पावलांकडे बघत राहिला, सरळ आहेत की उलटी.

घर आलं. ओट्यावर गजराबाई ज्वारी पाखडत बसल्या होत्या.

जिवंत होत्या. दोधूबाबांनी सुपातली ज्वारी पाहिली, सूप धरलेले हात पाहिले. हातांत बांगडी नव्हती. कपाळ पांढरं होतं.

दुसरी चिठ्ठी गेली होती, वेळेवर, दुसऱ्याच दिवशी. पण एका दिवसाच्या अंतराने तिची वाट चुकली, आणि होळीच्या सुमाराला शिक्के खाऊन ती घरीच परत आली. मास्तर सांगत होते, पत्ता सापडला नाही एवढाच त्याचा अर्थ. कौसाबाईने ऐकलं नाही. सुनेवरचं मरण आपण लोटलं आणि ते पोराच्या अंगावर गेलं, हे तिने मनाशी धरलं होतं. प्रकाशाच्या घाटावर दोधूबाबांचं सगळं उरकलं होतं.

"मीच तुले मारं असं समजनू रे भाऊ," कौसाबाई दाराला धरून म्हणाली.

गजराबाई उठल्या नाहीत. पदर पुढे ओढून त्यांनी विचारलं, "चिठ्ठी मियनी व्हती?"

"हां."

"रडनात का मंग?"

"एकदाव."

"एकदाव," त्या म्हणाल्या. "तेवढावर जगनू मी."

दोधूबाबा घरात गेले आणि देवळीतला कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आले. कौसाबाई म्हणाली, ज्याचं पाणी सोडलंय त्याने असं परभारे करू नये, पुन्हा लग्न लावावं लागेल, आधी भटाला विचारू. "आठ महिना मी कोनले काही इचारं नही," दोधूबाबा म्हणाले. "आते बी इचारनार नही." आणि लॉरीचं चाक धरून राठ झालेल्या बोटाने त्यांनी भर ओट्यावर, भिला आणि अर्धी गल्ली बघत असताना, बायकोच्या कपाळाला कुंकू लावलं.

"वाकडं लागनं," गजराबाई म्हणाल्या.

ते नीट करायला त्यांनी हात पुढे केला, तो गजराबाईंनी बाजूला सारला. मग हंडा उचलून त्या तापीवर पाण्याला गेल्या, सगळ्या गावातून, तसंच वाकडं कुंकू घेऊन.