चौथीतली जागा

पनवेलात मी शाळेची व्हॅन चालवते. आवाज मोठा, तोंड फाटकं, पण गाडी वेळेवर, अशी माझी ख्याती. सकाळी मोहल्ल्याला लागून असलेल्या आमच्या जुन्या गल्लीतली पोरं घ्यायची, मग नवीन पनवेलच्या सोसायट्यांतली, आणि सगळी खारघरच्या मोठ्या शाळेत नेऊन सोडायची. त्या शाळेत जागा मिळणं काय असतं ते माझ्या शेजारच्या भाबीला विचारा. तिचा नवरा गल्फला. प्रवेशाच्या वेळी आईबापालाही इंग्रजीत प्रश्न विचारतात, म्हणून ही बाई महिनाभर आरशासमोर उत्तरं पाठ करत होती. शेवटी मी भिंतीपलीकडून ओरडले, "भाबी, पुरे गं बाई! आता मलापण पाठ झालं!" लेकीला पहिलीत जागा मिळाली तेव्हा तिनं गल्लीभर सांदणं वाटली. पोर हुशार. चौथीत गेली तोवर गाडीत बसून मला दुकानांच्या पाट्यांवरची स्पेलिंगं शिकवायला लागली होती.

त्या वर्षी दिल्लीत काहीतरी पेटलं. कायदा, मोर्चे, दगडफेक, आणि टीव्हीवर दिवसभर आरडाओरडा. मी म्हणायची, दिल्ली कुठे नि पनवेल कुठे! इथं लोकांना विमानतळाचं आणि जमिनीच्या भावाचं पडलंय.

मग एका दुपारी, शाळा सुटायच्या आधीच, माझा फोन वाजायला लागला तो थांबेचना. कुणीतरी व्हिडिओ पाठवला होता की आज आपल्याकडेपण होणार. काय होणार, कुठे होणार, देव जाणे. शाळेनं मुलं लवकर सोडली. सोसायटीतल्या आया फोनवर म्हणत होत्या, "काकी, आधी आमच्याकडे या, त्या मोहल्ल्याकडून गाडी नेऊ नका." आमच्या गल्लीतल्या आया म्हणत होत्या, "काकी, सोसायटीच्या नाक्यावर झेंडे घेऊन पोरं जमलीत, तिकडून नका आणू."

"मग काय गाडी डोक्यावर घेऊन उडू?" मी ओरडले. मागं पोरं खिदळली. भाबीची लेक तेवढी हसली नाही. तिनं गळ्यातलं शाळेचं ओळखपत्र, नाव लिहिलेलं, हळूच काढलं आणि दप्तरात तळाशी सारलं. तिला हे कुणी शिकवलं? मी विचारलं नाही. मी गाडी काढली.

रोजच्याच रस्त्यानं सगळ्यांना घरी पोचवलं. काहीही झालं नाही. नाक्यावरची पोरं सेल्फी काढत होती. मासेवाली करंजा बंदरावरचे बोंबील घेऊन बसली होती आणि भावावरून भांडत होती.

पण काही न होताच सगळं बदललं. मोहल्ल्यात एका दुकानाच्या माडीवर छोटी खाजगी शाळा होती. मैदान नाही, उजेड बेताचा. पूर्वी तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे, आता तिच्या जिन्यावर आयांची रांग लागायला लागली. चांगल्या शाळांतून नावं काढून लोक तिथं घालू लागले. आणि खारघरच्या फाटकाशी नवे आईबाप मला बाजूला घ्यायचे. पूर्वी विचारायचे, गाडीत एसी आहे का. आता विचारायचे, "काकी, गाडीत कुठकुठली मुलं असतात?"

"शेंबडी असतात," मी म्हणायची. ते हसायचे, पण उत्तराची वाट बघत तिथंच उभे राहायचे.

एके सकाळी भाबी लेकीला न घेताच गाडीपाशी आली. म्हणाली, "ताई, आता लेक गाडीत नाय येणार. माडीवरच्या शालेत नाव घातलं."

माझं डोकंच फिरलं. "येड लागलंय काय तुला? तिथं मैदान नाय, लॅब नाय, सातवीच्या पुढं वर्ग नाय! एवढं मरमर करून जागा मिळवलीस ती कशाला? घालवायला?"

"तिथनं तिनं हाक मारली तर मला घरात ऐकू येते," भाबी म्हणाली.

"आणि मी आणते ती?"

"तुमी आणता, ताई. तुमच्यावर पूरा भरोसा हाय माजा. पण एक दिवस तुमालाच ताप आला तर?"

गाडी सुरू केली आणि तिच्याकडे न बघता निघाले. दिवसभर तिच्यावर चरफडत होते, पण तिचं काही चुकलंय असं मनाला पटतही नव्हतं.

माझा मुलगा नवीन पनवेलला राहतो. त्याच्या लेकीला खारघरच्या त्याच शाळेत घालायचं म्हणून तो कधीचा खेटे घालत होता. पुढच्याच आठवड्यात पेढ्यांचा पुडा घेऊन आला. "आई, लॉटरी लागली! चौथीत एक जागा निघाली."

ती कुणाची निघाली ते मी सांगितलं. त्यानं पुडा खाली ठेवला. मग म्हणाला, "वाईट झालं गं. पण एक बघ, आता तुझ्या गाडीत सगळी आपलीच. टेन्शन नाय."

"आपलीच म्हंजे कोण रे, मेल्या? भाबीच्या सासूच्या मांडीवर झोपून मोठा झालास, ती कोण होती?"

"आई, मी काय वाईट बोललो?"

आणि त्याला खरंच कळलं नव्हतं. मला भीती वाटली ती त्याचीच.

पण आनंदाचे पेढे शेजारी द्यायचे ते द्यायचेच. लपवून तरी किती दिवस लपणार? वाटीत पेढे घेऊन मी भाबीच्या दारात उभी राहिले. पेढे कशाचे ते तिला विचारावं लागलं नाही. "मुबारक हो, ताई," म्हणाली, आणि एक पेढा उचलून लेकीच्या हातावर ठेवला.

पोरगी नव्या शाळेच्या गणवेशात होती. पेढा तिनं खाल्ला नाही, नुसता धरून ठेवला.

"काकी," ती म्हणाली, "तुमच्या नातीला सांगा, खिडकीजवळच्या बाकावर बस. तिथनं तुमची गाडी आलेली दिसते."