कुलरच्या पाठीमागं

सत्यशीलाला उन्हाळा सोसत न्हाई, हे तिच्या बापाला ठावं होतं. वैशाख लागला की पोरीची पाठ घामोळ्यांनी लाल व्हायची. म्हणून लग्नात तिनं सोनंनाणं मागितलंच न्हाई. म्हणली, "बापू, मला तेवढा कुलर द्या." बापानं माजलगावहून जाड पत्र्याचा कुलर आणला अन् त्याच्या तोंडावर लाल रंगात लेकीचं नाव टाकून घेतलं. आमचं अन् तिच्या सासरचं घर भिंतीला भिंत लागून हाय. आंदणाचा टेम्पो आला तवा म्या वट्ट्यावर ज्वारी निवडीत बसलते. मनात म्हणलं, पोरगी हुशार हाय, सुखाची वस्तू घेऊन आली.

कसलं डोंबलाचं सुख! सासूनं त्याच दिवशी कुलरची जागा ठरवली. बैठक अन् सैपाकघर यांच्या मधल्या भिंतीत एक खिडकी हाय. तिथं कुलर बसवला, तोंड बैठकीकडं अन् पाठ चुलीकडं. कावून, तर पाणी पाठीमागनं भरता येतं. बायांनी हंडा घेऊन माणसांपुढं यायला नको.

सासू गेली, पण कुलर काही हालला न्हाई. सत्यशीलाचा नवरा मोहनराव ग्रामपंचायतीत निवडून आला, मग काय बघता! दुपारभर बैठकीत माणसं लोळायची, "काय गारवा हाय बे!" म्हणायची. नळाला आठ-आठ दिवस पाणी न्हाई, ही बाई बोअरवरनं हंडे आणून कुलरच्या पोटात ओतायची. गवत बदलायची, पंप साफ करायची. सैपाकघरावर पत्रा, तो असा तापायचा की भिंतीला हात लावू वाटत न्हाई. भांडी झाली की ती कुलरच्या पाठीला टेकून बसायची. गवतातनं पाणी ठिबकायचं, त्यात पदर भिजवायची अन् मानेवर घ्यायची. नाव बैठकीत अन् बाई पाठीमागं!

एकदा मातर तिनं गंमत केली. कुलर सैपाकघरातलं वारं ओढून बैठकीत सोडतो, हे तिला ठावं होतं. तिनं तापल्या तेलात मूठभर मिरच्या टाकल्या. बैठकीत असा ठसका उठला की पुढारी लोक धोतरं सावरीत अंगणात पळाले. आम्ही दोघी पदर तोंडात कोंबून हासलो. माणसं गेल्यावर मोहनरावानं तांब्या फेकून मारला. पुन्हा तिनं तसं केलं न्हाई.

औंदा धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला. तिच्या लेकीचं, तेजश्रीचं, लग्न मागच्या साली झालेलं, म्हणून जावयाचा पहिला धोंडा. धोंडे खाऊन जावई म्हणे विष्णू होतो. मेल्यानं आधी माणूस तर व्हावं! जावई युवराज आला, शर्ट काढला अन् कुलरपुढं ताणून दिली. अन् तेजश्री? दोन जिवांची पोर, आल्या पावली आईला हात लावायला चुलीपाशी बसली. म्या पुरण वाटायला गेलते. पोरीच्या कपाळावरनं घाम कणकीत पडत होता. म्या म्हणलं, ऊठ गं, बाहीर जा. ती उठली अन् भेलकांडून परातीवरच पडली.

सत्यशीलानं तोंडावर पाणी मारलं, कांदा हुंगायला दिला. पोरीनं डोळे उघडले तशी ही उठली, डोक्यावर पदर घेतला अन् बैठकीच्या दारात जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"घडीभर कुलरचं तोंड तेवढं इकडं फिरवा," ती म्हणली. "पोरीला चक्कर आली. दोन जिवांची हाय, तिला सोसंना."

मोहनराव हासला. "जावयाकडं पाठ करू का कुलरची? लोक तोंडात शेण घालतील. तिला लिंबाखाली बशीव."

जावई उठूनसुदिक बसला न्हाई. कुशीवर वळला अन् म्हणला, "असू द्या मामी. तिला सवय हाय."

माझ्या पायाची आग मस्तकात गेली. सैपाकघरात येऊन म्या म्हणलं, "टाक गं मिरच्या तेलात!"

"जावई हाय, मावशी," ती म्हणली. "लेकीला त्याच्याच घरी नांदायचंय." अन् धोंडे तळायला बसली.

जेवणं झाली, जावयाला अंगठी घातली, कापडं दिली. मोहनरावाला चेव आला. "आणखी काय पाहिजे, बोला पाव्हणे!" युवराजनं कुलरवर थाप मारली. "मामा, आताच्या प्लास्टिकच्या डब्यांत असं वारं न्हाई."

"न्या की मग! तुमचंच हाय."

तुमचंच! बाप तिचा, नाव तिचं, हंडे वाहून मान मोडली तिची, अन् देणारा हा आयत्या बिळावरचा नागोबा! मला वाटलं, आता ही धाय मोकलून रडंल. पण तिचं तोंड उजळलं की! ती उठली, कुलर घासून लख्ख केला, नवं गवत भरलं. मला हळूच म्हणली, "बरं झालं, मावशी. लेकीच्या खोलीत तर जाईल. मला न्हाई तर न्हाई, तिला तर मिळंल."

दुसऱ्या दिवशी टेम्पोत कुलर चढवला. जावई ड्रायव्हरपाशी बसला. तेजश्रीच्या ओटीत नारळ घालता घालता सत्यशीलानं इचारलं, "तुझ्या खोलीत ठेवतील ना गं?"

पोरगी खाली बघायला लागली. "न्हाई, आई. बैठकीत. रातीच फोन झाला, मामंजींनी भिंतीत खिडकीबी पाडून ठेवली. सैपाकघराच्या बाजूनं."

सत्यशीलाच्या हातातनं नारळ सुटला. म्या उचलून दिला. तिनं तो लेकीच्या ओटीत नीट बसवला अन् तिचा पदर खोचला.

"मग पाठीमागं बसत जा," ती म्हणली. "डाव्या अंगाला पाणी जास्त ठिबकतं. पदर भिजवून मानेवर घ्यायचा."

"ठावं हाय, आई," तेजश्री म्हणली. "तिथंच वाढले ना मी."