वाढत चाललेली मधली जागा

भूकंपाआधीच्या आमच्या गावात घरं इतकी खेटून होती, की शेजारच्या चाचीनं दालच्याला फोडणी दिली की ठसका आम्हाला लागायचा. आई आणि चाची मधल्या बुटक्या भिंतीवरून वाट्या द्यायच्या-घ्यायच्या. वाटी रिकामी परत करायची नाही, एवढाच नियम.

भूकंपात ती भिंत गेली. चाचीची लेक गेली. आमच्या घरातले आम्ही सगळे वाचलो. नव्या गावात सरकारनं रुंद रस्ते आखून ओळीनं घरं दिली. आम्हाला एका टोकाला, चाचीला दुसऱ्या. चाचीची एक वाटी आमच्या ढिगाऱ्यात सापडली होती. आईनं ती घासूनपुसून फळीवर ठेवली, ती तिथंच राहिली. "आपली लेकरं जित्ती हायत. कंच्या तोंडानं जाऊ?" म्हणायची. भांडण काहीच नव्हतं, तरी वर्षं गेली.

पुढं मी लातूरला क्लाससाठी राहिलो. एकदा फिजिक्सचे सर शिकवता शिकवता थांबले. म्हणाले, विश्व पसरतंय हे ठाऊक होतं, पण आता कळलंय की ते वाढत्या वेगानं पसरतंय. आकाशगंगांच्या मधली जागाच वाढतेय. कशामुळं, कुणालाच माहीत नाही. नाव तेवढं ठेवलंय, कृष्ण ऊर्जा.

"सर, सीईटीला आहे का?" पुढच्या बाकावरून आलं.

"नाही."

हॉलभर पेनांची टोपणं लागली. मला त्या पोरांचा रागच आला. मी खिडकीतून दुपारचं रिकामं आभाळ बघत बसलो. न दिसणाऱ्या चांदण्या सावकाश लांब लांब जात होत्या.

रविवारी गावी गेलो. आई अंगणात चुक्याची जुडी निवडत होती. तिला हे सगळं सांगितलं.

"भांडल्या का चांदण्या?"

"न्हाई गं. मधली जागाच वाढायलीय."

"मग थांबंल की कधी तरी."

"थांबत न्हाई. उलट जोर वाढायलाय."

आईचा हात थांबला. समोरच्या रुंद, सरळ रस्त्याकडं ती बराच वेळ बघत राहिली. मग उठून तिनं चुक्याची भाजी केली, फळीवरची वाटी काढून भरली, पदराखाली धरली आणि निघाली. मी मागं. रस्ता काही संपेचना. सगळं गाव उन्हात तरंगत होतं.

चाचीनं दार उघडलं. वाटी तिनं लगेच ओळखली. आईनं ती पुढं केली, आणि मला रडू यायला लागलं.

"गार झाली गं भाभी," आई म्हणाली.

"चूल हाय की," चाची म्हणाली आणि दारातून बाजूला सरकली.