अडकलेलं बटण

आमच्या घराण्यात कॉलेज पुरं केलेला मी पहिला, आणि तेही नौदलात नोकरी करता करता. आता कोल्हापुरात एका दवाखान्याचे संगणक सांभाळतो. परवा सर्व्हरच्या खोलीचं दार उघडलं, तापलेल्या वायरींचा वास आला आणि मी पुन्हा जहाजावरच्या रेडिओ खोलीत जाऊन पोचलो.

त्या दुपारी गारगोटीचा माझा दोस्त संभा इतर खलाशांबरोबर छोट्या बोटीतून गेलेला. वारा वाढला, तसा बोटीला परत बोलवायचा हुकूम आला. पण संभाच्या रेडिओ सेटचं बोलायचं बटण दाबलेलंच अडकलं होतं. त्यामुळे बोटीतलं सगळं मला ऐकू येत होतं आणि माझं त्यांना काहीच नाही.

लाटा आपटत होत्या, इंजिन धापा टाकत होतं. त्यातच, जहाजभर सगळ्यांची टर उडवणारा संभा पुटपुटत होता, "आई, भ्या वाटतंय गं. मला न्हाय मरायचं."

ऐकू जाणार नाही हे माहीत असूनही मी ओरडत होतो, "संभा, मागं फिर की!"

आमच्या वरिष्ठांनी डेकवर धावत जाऊन मोठ्या दिव्याची उघडझाप सुरू केली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग रेडिओवर संभाच ओरडला, "मागं बघा, दिवा मारायल्यात! फिरवा बोट!"

जहाजावर आल्या आल्या माझ्याकडे बघून तो हसला. "काय रं, भ्यालास व्हय?"

"व्हय," मी म्हणालो. त्याचं पुटपुटणं ऐकलं होतं, हे मात्र सांगितलं नाही.

तेव्हा वाटलं, दोस्ताची लाज राखली. आता वाटतं, सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं की त्या पाण्यात त्याचं कुणीतरी ऐकत होतं.