ईश्वरप्पाच्या नावाने गेलेला

१९४४ साली समुद्रात मेलेल्यांच्या यादीत आपल्या वडिलांचं नाव आहे, हे सुकन्याताईंना कळलं तेव्हा त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या. वडील जाऊनही तेहेतीस वर्षं झाली होती. ते गेले होते उदगीरच्या राहत्या घरात, खाटेवर, सुकन्याताईंच्याच हातून दोन घोट पाणी पिऊन.

फोन लातूरहून शेषेरावांचा होता. शेषेराव नौदलातून निवृत्त झालेले. दुसऱ्या महायुद्धात कामी आलेल्या जिल्ह्यातल्या माणसांची नावं ते गोळा करीत होते. उदगीरच्या एका शाळेच्या आवारात त्या नावांची संगमरवरी फरशी बसवायची होती.

"ताई, ईश्वरप्पा बसप्पा उस्तुरगे तुमचे कोण?"

"वडील."

"मग ते आजोबा असतील. नीट आठवा. हे चव्वेचाळीस साली गेले."

"माझा जन्मच त्रेपन्नचा हाय, शेषेराव."

नावाचा घोळ सुकन्याताईंना नवा नव्हता. नवरा लवकर गेला, त्या माहेरी परतल्या आणि पुढे एकतीस वर्षं त्यांनी तहसीलच्या अभिलेख कक्षात काढली. एका भावाच्या जागी दुसरा लागलेला, मेलेला जिवंत, जिवंत मेलेला, असं सगळं त्यांनी कागदावर पाहिलं होतं. त्यामुळे त्यांना लगेच वाटलं, कारकुनाने भावाभावांची नावं बदलून टाकली. कारण वडिलांना एक धाकटा भाऊ होता, गुरुपादप्पा. त्याच्याबद्दल घरात एकच वाक्य होतं: "गुरुपाद मुंबईकडं गेला अन् गडप झाला." कुणी त्यापुढे विचारलं की वडील भरल्या ताटावरून उठत.

"माझा चुलता असेल तो," त्या म्हणाल्या. "त्याचे कागद मिळतील का?"

कागद मिळायला चार महिने लागले. दोन अर्ज गेले, नात्याचा दाखला गेला, एकदा सगळं परत आलं आणि पुन्हा गेलं. शेवटी शेषेराव स्वतःच अकरा पानांच्या नकला घेऊन उदगीरला आले. जेवणाच्या टेबलावर त्यांनी त्या ओळीने मांडल्या.

बेचाळीसच्या ऑगस्टात भरती. कराचीला शिक्षण. मग 'सोनगड' नावाची लहान बोट.

"सुरुंग काढणारी," शेषेरावांनी समजावलं. "पाण्यात दोर सोडून ओढत न्यायचा. सुरुंग तुटून वर आला की लांबून गोळी घालायची. वर्षभर हेच काम. त्यानंतर 'पेन्नार'. ही मोठी. माल नेणाऱ्या जहाजांना सोबत करायची."

"चुलता काय करायचा तिथं?"

"बॉयलरला कोळसा घालायचा. सगळ्यात खालच्या मजल्यावर." शेषेरावांनी स्वतः पंधरा वर्षं जहाजाच्या पोटात काढली होती. "फेब्रुवारी चव्वेचाळीस. अराकानच्या किनाऱ्याजवळ 'पेन्नार' सुरुंगावर गेली. वरचे बरेच वाचले. खालच्यांना वर यायला एकच शिडी असते, ताई."

एका पानावर डॉक्टरांनी लिहिलं होतं: पोहण्यात उत्तम. सुकन्याताईंनी त्यावर बोट ठेवलं.

मग त्यांनी पहिलं पान पुढे सरकवलं. भरतीचा अर्ज, हैदराबाद, मे महिना. खाली उर्दूत सही. सुकन्याताईंना उर्दू वाचता येत नाही. पण निजामाच्या शाळेत शिकलेल्या वडिलांनी जन्मभर उर्दूतच सही केली होती. शेवटचं अक्षर खाली ओढून मागे वळवायची त्यांची खोड होती. ती इथे होती. कारकुनाची चूक नव्हती. अर्ज वडिलांनीच केला होता.

तीन महिन्यांनंतरच्या, हजर झाल्याच्या कागदावर तीच सही होती. पण इथे प्रत्येक रेघ थांबून थांबून काढलेली, लहान मुलाने पाहून पाहून चित्र काढावं तशी. वर ओळखीची खूण लिहिलेली: उजव्या कानाची पाळी फाटलेली.

वडिलांचे कान सुकन्याताईंनी शेवटच्या आंघोळीत स्वतः पुसले होते. दोन्ही अखंड होते.

दोन दिवसांनी त्यांनी मुखेडमार्गे कंधारची बस धरली. कंधारला त्यांची आत्या राहायची, शांतम्मा. वय त्र्याण्णव, डोळ्यांनी जवळजवळ आंधळी, कानांनी मात्र शाबूत. तिन्ही भावंडांत तीच उरलेली. सून चहा ठेवून आत गेली तशा सुकन्याताई म्हणाल्या, "आत्या, गुरुकाकाचा कोणता कान फाटलेला होता?"

म्हातारीने उचललेला कप परत खाली ठेवला. मग म्हणाली, "उजवा. वासरानं वढला होता. कुणी सांगितलं तुला?"

"कागदानं."

"कागद हाय व्हय अजून?" शांतम्मा सावरून बसली. "मग सांगते. अण्णानं मला बसवण्णाच्या पायावर हात ठेवाया लावला होता. तार आली तवा तेरा वर्षांची होते मी. तो गेल्यावरबी न्हाई बोलले."

आणि ती सांगत गेली. थोरल्या अण्णाने, म्हणजे सुकन्याताईंच्या वडिलांनी, बाहेरचं जग बघायच्या हौसेने हैदराबादला जाऊन नाव दिलं होतं. हजर व्हायचं पत्र आलं तेव्हा त्यांचं लग्न ठरत होतं. रंगूनकडे बुडालेल्या जहाजांच्या बातम्या उदगीरच्या बाजारातही पोचल्या होत्या. अण्णाचं अन्न सुटलं. एकदा गोठ्यात वैरणीत तोंड खुपसून रडताना गुरुपादने त्याला पाहिलं.

"गुरुअण्णा सोळाचा होता. चौथीत दोनदा नापास. पण हिरीत उडी टाकली की त्या टोकाला निघायचा. म्हणाला, तुला पवाया येत न्हाई, तू कशाला जातो? मी जातो तुझ्या नावानं. अण्णा नको म्हणाला." शांतम्माने हात हलवला. "म्हणाला खरा, पर मोठ्यानं न्हाई म्हणाला. गुरुअण्णा आठ दिवस गोठ्याच्या भिताडावर कोळशानं अण्णाची सही गिरवत होता. अण्णा चुकलेलं दाखवायचा. ते मी डोळ्यानं बघितलं."

"अन् तार?"

"तार अण्णाच्याच हातात आली. डाकवाल्यानं विचारलं, ईश्वरप्पा कोण? हा म्हणाला, मीच. घेतली. इंग्रजी कुणाला येतंय? ठेसनात गेला, मास्तरकडं. मास्तरनं वाचून सांगितलं, ईश्वरप्पा उस्तुरगे जहाजावर मेला. मास्तर म्हणाला, तुमचा कोण व्हता? अण्णा म्हणाला, भाऊ."

"घरी?"

"घरी काय सांगणार? मेला कोण म्हणून सांगणार? अव्वा मरेपर्यंत दारात आलेल्या हर एक जंगमाला विचारायची, मुंबईकडनं आलाव का? अण्णा आतल्या खोलीत बसून ऐकायचा."

सुकन्याताईंचा चहा तसाच निवला होता. हातातल्या पिशवीत अकरा पानं होती आणि त्यांना एकाएकी वडिलांचा भयंकर राग आला. सोळा वर्षांच्या पोराला पाठवलं, त्याच्या आईला फसवलं आणि स्वतः सत्तर वर्षांचा होत आल्यावर खाटेवर मेला.

"माझा बाप पळपुटा होता म्हणायचं का मी?"

"तू म्हण," शांतम्मा म्हणाली. "मला म्हणवत न्हाई. वीस वर्षांचा होता गं तोबी." आणि तिने विचारलं, "माती तर मिळाली नसंल त्याला. लिंग तरी गळ्यात होतं का?"

लिंगायताच्या घरात हा प्रश्न जन्माचा असतो. लिंग गळ्यात बांधून वाढायचं, आणि मातीत बसवतात तेव्हा ते तळहातावर ठेवून जायचं. सुकन्याताईंना उत्तर ठाऊक होतं; ते दहाव्या पानावर होतं. मृताच्या पेटीतल्या वस्तू, घरच्या पत्त्यावर पाठवलेल्या: सदरे दोन, कंगवा एक, चाकू एक, चांदीची लहान डबी, आत दगड, दोऱ्यासह. इंग्रजी कारकुनाला तो दगडच दिसला होता. शेषेरावांनी सांगितलं होतं, बॉयलरपाशी गळ्यात धातू ठेवता येत नाही, छाती भाजते; पोरं सगळं पेटीत काढून ठेवायची.

खोटं बोलावं असं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण त्या म्हणाल्या, "गळ्यात नव्हतं, आत्या. पेटीत राहिलं. ते घरी आलं."

"घरी आलं? कुणी बघितलं?"

बोलता बोलता सुकन्याताईंना एकदम आठवलं. एक्याण्णव साली वडिलांना आंघोळ घालताना त्यांच्या गळ्यात लिंगाच्या दोन डब्या निघाल्या होत्या. सदऱ्याआड कुणाला कधी दिसल्या नव्हत्या. अंत्यविधीला आलेल्या स्वामींनी विचारलं, दुसरं कुणाचं? कुणालाच सांगता येईना. शेवटी स्वामी म्हणाले, असू द्या, आणि दोन्ही लिंगं वडिलांच्या एकाच तळहातावर ठेवली.

त्यांनी ते आत्याला सांगितलं. शांतम्मा तोंडाला पदर लावून रडली. म्हाताऱ्या माणसाचं रडणं, आवाज फारसा नाही, नुसतं अंग हलत होतं. सून दारात येऊन उभी राहिली आणि परत गेली.

उदगीरला आल्यावर सुकन्याताईंनी शेषेरावांना फोन लावला. सगळं सांगितलं. "फरशीवर गुरुपादप्पा लिहा."

शेषेराव म्हणाले, "ताई, मला पटतंय. पण यादी सरकारी आहे. कागद लागेल. दाखला, जन्माची नोंद, काहीतरी."

गुरुपादची कसलीच नोंद नव्हती. शाळेचं दप्तर कधीच गेलेलं. फाटलेल्या कानाला साक्षीदार एक, तीही आंधळी. कागदाशिवाय नाव बदलत नाही, हे वाक्य सुकन्याताईंनी कचेरीच्या खिडकीतून किती माणसांना ऐकवलं असेल, याची त्यांनाच गणती नव्हती. काही बाया तिथल्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसून राहायच्या. त्यांनी तरीही रीतसर अर्ज केला. आत्याचं म्हणणं लिहून घेतलं, खाली तिचा अंगठा घेतला. उत्तर आलं, ते सभ्य होतं, आणि नकाराचं होतं.

"मग नाव काढून टाकू का?" शेषेरावांनी विचारलं.

"नको," त्या म्हणाल्या. "काढलं तर त्याचं काहीच राहत न्हाई."

डिसेंबरात फरशी बसली. सुकन्याताईंना पहिल्या रांगेत बसवलं, खांद्यावर शाल घातली. एका वक्त्याने ईश्वरप्पांच्या शौर्याबद्दल बराच वेळ भाषण केलं. त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या. ज्यांनी वडिलांना पुढे वर्षानुवर्षं त्यांच्या दुकानात बसलेलं पाहिलं होतं अशी दोन-तीन माणसं मंडपात होती. ती एकमेकांकडे बघत होती. निघताना एकाने विचारलंच, "ताई, हे ईश्वरप्पा कोणते?"

"माझे काका," त्या म्हणाल्या.

त्या आठवड्यात त्या पुन्हा कंधारला गेल्या. फरशीच्या फोटोची मोठी प्रत काढून घेतली होती. शांतम्मा आता अंथरुणातच होती.

"लावलं का नाव?" तिने विचारलं.

"लावलं, आत्या."

"कुठं हाय? दाव."

सुकन्याताईंनी तिचं बोट धरलं आणि कागदावर, तिसऱ्या ओळीवर टेकवलं. तिथे ईश्वरप्पा बसप्पा उस्तुरगे असं लिहिलं होतं. म्हातारीने बोट त्या ओळीवरून हळूहळू शेवटपर्यंत नेलं.

"गुरुअण्णा," ती म्हणाली.

"हाव," सुकन्याताई म्हणाल्या.